पाच स्पीकर, एक सबवूफर आणि एक लांबट खोली : प्रकल्प नोंदी

२ फेब्रुवारी

कामाचा हेतू आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटणार नाहीत. सिनेमातले संवाद स्पष्ट ऐकू यायला हवेत आणि त्यासाठी कुणालाही रिमोट हातात धरून बसायला लागू नये. सध्या उलट चाललंय. पात्रं कुजबुजायला लागली की बाबा आवाज वाढवतात, पुढच्याच दृश्यात गाडी उडते आणि आई तो धाडकन खाली आणते. यात टीव्हीचा फारसा दोष नाही. एवढ्या पातळ खोक्यात स्पीकर मावतात तेच मुळात नखाएवढे, आणि त्यांची तोंडंही खाली किंवा मागे. आवाज आधी भिंतीकडे जातो, मग आपल्याकडे.

संच ५.१ चा घेतलाय. समोर डावा-उजवा, मध्ये सेंटर, बाजूंना दोन सराउंड, खर्ज वाजवणारा एक सबवूफर आणि हे सगळं चालवणारा एव्ही रिसीव्हर. खोकी अजून उघडलेली नाहीत. आधी खोली मोजली: लांबी ४.८ मीटर, रुंदी ३.४, उंची २.९. टीव्ही अरुंद भिंतीवर, सोफा समोरच्या टोकाला भिंतीला टेकलेला. खाली फरशी, एका अंगाला मोठी काचेची खिडकी. टाळी वाजवली की मागोमाग बारीक 'टर्र' उमटते. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींचा हा उद्योग.

३ फेब्रुवारी

आज फक्त कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर.

प्रत्येक बंद खोलीला स्वतःचे काही ठरलेले सूर असतात. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की लांबीच्या दिशेचा पहिला सूर मिळतो: ३४३ भागिले ९.६, म्हणजे ३६ हर्ट्झच्या आसपास. त्याची दुप्पट ७१. रुंदीचा ५०, उंचीचा ५९. या सुरांवर खोली आपलं म्हणणं मध्ये घालणार, स्पीकर कितीही चांगले असले तरी.

हे सूर खोलीत सगळीकडे सारखे ऐकू येत नाहीत. भिंतींपाशी त्यांचा दाब सगळ्यात जास्त. लांबीच्या पहिल्या सुराचा दाब खोलीच्या बरोबर मध्यावर शून्य होतो, दुसऱ्याचा पाव आणि पाऊण अंतरावर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असला तर कान जवळपास भिंतीशीच, म्हणजे लांबीच्या दिशेचा एकूण एक सूर फुगून येणार. टीव्हीवरच्या बातम्यांतसुद्धा निवेदकाचा आवाज घुमतो तो यामुळेच असावा.

सोफा पुढे आणावा लागेल हे नक्की. किती, ते मोजून ठरवू. आईला अजून सांगितलेलं नाही.

७ फेब्रुवारी

वायर. सगळ्यात लांबचा पल्ला उजव्या सराउंडचा. दाराच्या चौकटीला वळसा घालून ११ मीटर होतो. जाण्या-येण्याचे धरून २२ मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीचा मीटरला सुमारे ०.०११५ ओहम रोध धरला तर एकूण पाव ओहम. स्पीकर ६ ओहमचा. रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत असला की पुरे, हा जुना हिशेब. ६ ओहमला ती मर्यादा ०.३ येते. म्हणजे दीड चौरस मिलिमीटर चालतं. अडीचची घेतली असती तर रोध ०.१५ वर आला असता आणि वायर केसिंगपट्टीत बसवताना बोटं मोडली असती. वायरीने आवाज 'उबदार' होतो वगैरे चर्चेत मी पडत नाही. तांबं खरं असावं, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलं नसावं, इतकंच बघितलं.

भिंतीला अजून एकही भोक नाही. सराउंड स्पीकर तूर्त दोन उंच स्टुलांवर आणि वायर फरशीवर चिकटपट्टीने. बसायची जागा पक्की झाल्याशिवाय ड्रिल बाहेर काढायचं नाही, असं धाकट्या भावाला बजावलंय. त्याचा हात नुसता शिवशिवतोय.

टोकं मात्र नीट केली. सेंटिमीटरभर सोलायचं, तारा घट्ट पिळायच्या, मग बनाना प्लगात कसायच्या. बाहेर राहिलेली एखादी केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो. न झाला तर त्याहून वाईट. शिवाय प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी पट्टी लावून नाव लिहिलं. रिसीव्हरच्या मागे वाकून मोबाइलच्या उजेडात कुठली वायर कुठली हे शोधणं नंतर नको.

८ फेब्रुवारी

जोडणी. टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यामध्ये एकच एचडीएमआय केबल, दोन्हीकडे ईआर्क (टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे नेणारी वाट) लिहिलेल्या सॉकेटमध्ये. साध्या आर्कमधून दाबलेला ५.१ आवाज जातो, पण ब्लू-रेवरचे ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे अखंड, म्हणजे काहीही न गाळलेले प्रकार किंवा अनेक वाहिन्यांचा, म्हणजे स्पीकरगणिक वेगळ्या आवाजांचा, न दाबलेला पीसीएम त्यात मावत नाही. ईआर्कमध्ये सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत वाट आहे, तिथे हे सगळं जातं. ऑप्टिकल केबलही हाताशी होती. तिच्यातून एक तर दोन वाहिन्यांचा पीसीएम जातो, नाही तर दाबलेला ५.१, त्यापलीकडे काही नाही. ती परत डब्यात.

सुरू केलं तर आवाज फक्त समोरच्या दोघांतून. रिसीव्हरच्या समोरच्या अक्षरपट्टीवर 'पीसीएम २.०'. वायरी तपासायच्या आधी टीव्हीचा मेनू उघडला, आणि तिथेच सापडलं: ध्वनी-निर्गमनाची मांडणी कारखान्यातून 'पीसीएम' वर ठेवून आलेली. 'पास-थ्रू', म्हणजे आवाज आला तसाच पुढे पाठवणं, केल्यावर पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल प्लस' उमटलं आणि मागच्या स्टुलांवरून पाऊस सुरू झाला. सराउंड चालत नाही असं कुणी म्हटलं की आधी ही पट्टी वाचायला सांगावी. आत काय येतंय हे ती सांगते. बाहेर किती स्पीकर वाजतात हा पुढचा प्रश्न.

बाबांनी लगेच विचारलं, "गाण्यांच्या सीडीत '.१' नसतोच, मग हा मोठा डबा वाजतो कसा?" प्रश्न अगदी योग्य. '.१' म्हणजे सबवूफर नव्हे. तो ध्वनिपटातला वेगळा, फक्त खर्जाचा पट्टा असतो, १२० हर्ट्झपर्यंतचा, स्फोट-गडगडाटांसाठी राखून ठेवलेला. सबवूफर त्या पट्ट्याचं काम करतोच, पण त्याखेरीज बाकीच्या पाचही स्पीकरना न झेपणारा खर्ज रिसीव्हर त्याच्याकडे वळवतो. सीडी लावली की त्याच्या वाट्याला फक्त हे दुसरं काम येतं.

१४ फेब्रुवारी

सबवूफर लावल्यापासून एक बारीक, सतत गुणगुण. काही वाजत नसतानाही. सबवूफरची सिग्नल केबल काढली की थांबते, म्हणजे डबा निर्दोष. मग रिसीव्हरच्या मागची एकेक केबल काढत गेलो. सेट-टॉप बॉक्सची बाहेरून येणारी कोॲक्स केबल सोडवली आणि गुणगुण बंद. बाहेरच्या केबलचं अर्थिंग वेगळं, घरातलं वेगळं, दोन्हींमध्ये थोडा विद्युतदाब, आणि तो सिग्नलच्या तारेतून वाहतो. कोॲक्सवर आयसोलेटर (दोन अर्थिंग एकमेकांपासून तोडणारा जोड) बसवला, सगळी उपकरणं एकाच सॉकेटपट्टीवर घेतली. विषय संपला.

प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकली की गुणगुण जाते, हा उपाय भावाला कुणीतरी सांगितलेला. गुणगुण जाते हे खरं. त्याबरोबर उपकरणाच्या धातूच्या पेटीत वीज उतरली तर तिला जमिनीकडे जायची वाटही जाते. आमच्याकडे पिनला कुणी हात लावायचा नाही.

१५ फेब्रुवारी

सबवूफरची जागा. यासाठीची पद्धत दिसायला वेडगळ आहे पण तिच्यामागचं कारण पक्कं आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, डोकं असतं तिथे ठेवायचा. मग एक सावकाश चढता खर्ज लावून आपण फरशीवर भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे प्रत्येक सूर सारख्या जोराने ऐकू येईल ती सबवूफरची जागा. ध्वनीला जाणं-येणं सारखंच. स्पीकर आणि कान यांची अदलाबदल केली तरी मधला रस्ता तोच राहतो.

भाऊ रांगला, मी टोन चालवला. कोपऱ्यात पोचल्यावर म्हणाला, "ताई, इथे तर कपाट हलतंय असं वाटतंय." साहजिक आहे. कोपऱ्यात लांबी, रुंदी, उंची तिन्हींचे सूर पूर्ण दाबाने असतात. तिथून पुढच्या भिंतीच्या मध्याकडे सरकत आला तसा आवाज आटोपशीर होत गेला. खोलीच्या लांब भिंतीच्या मधोमध आला तेव्हा म्हणाला, "टोन बंद केलास का?" बंद नव्हता. तिथे ३६ हर्ट्झचा दाब शून्याजवळ असतो, खालचा सूर त्याच्या कानाआड झाला इतकंच.

शेवटी जागा ठरली ती टीव्हीच्या कपाटाला लागून, पुढच्या भिंतीच्या जवळपास मध्यावर. त्याचा दुसरा फायदा नंतर कळला. सबवूफर कोपऱ्यात असताना सोफ्याच्या दोन्ही टोकांना ५० हर्ट्झ फुगायचा आणि मधल्या माणसाला तो जाणवायचाच नाही, कारण रुंदीच्या पहिल्या सुराचा दाब खोलीच्या मध्यरेषेवर शून्य असतो. भिंतीच्या मध्यावरून तो सूर फारसा हलतच नाही, त्यामुळे तिन्ही जागांवरचा खर्ज एकमेकांच्या जवळ आला.

२१ फेब्रुवारी

या सगळ्या प्रकल्पात माझ्या दृष्टीने महत्त्वाचा दिवस आजचा.

मोजमापाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड ही मोफत प्रणाली. २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा एक स्वर वाजवायचा, बसायच्या जागी मायक्रोफोन, आणि पडद्यावर आलेख. सोफा आज चाचणीपुरता पुढे ओढून घेतला होता, कान पुढच्या भिंतीपासून साडेतीन मीटरवर येतील असा. भिंतीला टेकलेला असतानाचा ३६ हर्ट्झचा डोंगर खाली आला, बरं वाटलं. पण ७१ च्या आसपास सरळ दरी. आजूबाजूपेक्षा जवळजवळ १५ डेसिबल खाली. साडेतीन मीटर म्हणजे ४.८ च्या पाऊण अंतराच्या, ३.६ च्या, अगदी शेजारी. लांबीचा दुसरा सूर तिथे नाहीसाच होतो. ३ तारखेच्या कागदावर हे लिहून ठेवलंच होतं, आज ते आलेखावर उतरलं.

भावाचं म्हणणं, इक्वलायझरने (हवा तो सूर कमी-जास्त करायची सोय) ७१ वाढवून टाकू. वाढवून बघितलं. दरी जवळपास होती तशीच राहिली. तिथे आवाज कमी पडतोय असं नाही. सरळ आलेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खातायत. वर ओतलं की दोन्ही सारख्याच वाढतात. १० डेसिबल वाढ म्हणजे दहापट वीज, ती सबवूफरच्या कॉइलला तापवण्यात जाणार. डोंगर इक्वलायझरने कापता येतो. दरीला जागा बदलणं हाच उपाय.

मग सोफा आणखी पुढे. टेप जमिनीवर पसरून, थोडा सरकवायचा, मोजायचा, पुन्हा सरकवायचा. ३.२ मीटरवर, म्हणजे लांबीच्या दोन-तृतीयांशावर, दोन्ही सूर निम्म्या दाबावर येतात आणि दरी भरून निघाली. आलेख सपाट नाही. १४० च्या आसपास अजून एक खळगा आहे. पुढचे स्पीकर भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर आहेत, मागे गेलेली लाट परतून तिथे वजाबाकी करते. पण कानाला तो टोचत नाही, सोडून दिला.

आई दारात उभी राहून बघत होती. "सोफा खोलीच्या मध्यात? आणि मागे ही एवढी रिकामी जागा कशाला?" मागे सव्वा मीटर मोकळं राहतंय हे खरं. बैठक उधळायच्या बेतात असताना बाबा म्हणाले, "पुस्तकांचं कपाट तिथे टाक, बेडरूममध्ये नाही तरी अडगळ होतेय." कपाट मागच्या भिंतीला गेलं. कमीजास्त जाडीची, पुढेमागे ठेवलेली पुस्तकं आवाज विखुरतात, त्यामुळे मला तर हवंच होतं. हे कारण मात्र मी आईला सांगितलं नाही.

२२ फेब्रुवारी

जागा पक्की, आता कोन. सोफ्यावर बसून सरळ समोर म्हणजे शून्य अंश धरला तर डावा-उजवा स्पीकर २२ ते ३० अंशांत असावा. स्पीकरांमध्ये २.४ मीटर अंतर मिळतं, सोफा त्यांच्या रेषेपासून २.६ मीटरवर, कोन २५ अंश येतो. सोफा पुढे आणल्याचा हाही फायदा: साडेतीन मीटरवर तोच कोन २२ वर घसरला होता, आवाज सगळा मध्यात गोळा व्हायचा.

सराउंड १०० ते १२० अंशांत, म्हणजे कानाच्या रेषेच्या थोडे मागे. अगदी पाठीमागे नकोत. उजवीकडे ११० अंशांवर नेमकी दाराची चौकट आडवी येते, म्हणून दोन्ही बाजू १२० वर नेल्या. एक ११० वर आणि एक १२० वर ठेवण्यापेक्षा दोन्ही सारखे असलेले बरे. कानाच्या रेषेच्या ९८ सेंटिमीटर मागे खूण केली. उंची १.३५ मीटर. बसल्यावर कान एक मीटरवर येतो. स्पीकर त्याच पातळीत ठेवला तर कडेला बसलेल्याचं डोकं मध्ये येतं.

अखेर ड्रिल. भावाच्या चेहऱ्यावर समाधान.

डाव्या भिंतीत आधीच्या कुणीतरी पाइपातून वायरची जोडी टाकून ठेवलेली सापडली. चांगली जाड, पण दोन्ही तारा एकाच रंगाच्या, खूण नाही. अशा वेळी १.५ व्होल्टचा साधा सेल कामाला येतो. रिसीव्हरकडची टोकं रिसीव्हरपासून मोकळी ठेवून एक टोक सेलच्या धन बाजूला धरायचं, दुसरं ऋणला क्षणभर टेकवायचं. तिकडे भावाने स्पीकरची जाळी काढून शंकूवर नजर ठेवली होती. टेकवताच 'टक' झालं. "आत गेला." म्हणजे उलट. तारांची अदलाबदल, पुन्हा 'टक'. "आता बाहेर आला." धन टोकाला लाल पट्टी बांधली. ही तपासणी केली नसती तर डावा सराउंड उजव्याच्या उलट हलला असता. असा आवाज येतो सगळीकडून, पण ठिकाणावर एकही बसत नाही, आणि तासन्‌तास मेनूत डोकं घालूनही कारण सापडत नाही.

२८ फेब्रुवारी

संवाद अजून हवे तसे नाहीत. बाबांनी आज दोनदा "काय म्हणाला?" विचारलं.

संवादांचा बहुतेक भार एकट्या सेंटरवर असतो, आणि आमच्याकडे तो कपाटाच्या खणात आत सरकवून ठेवला होता. फरशीपासून ४५ सेंटिमीटर, वर फळी, बाजूंना फळ्या, तोंड गुडघ्यांकडे. बाहेर ओढून खणाच्या कडेच्या किंचित पुढे आणला. त्यासरशी आवाजातला डबकेपणा निम्मा गेला. मग तोंड वर. कानापेक्षा ५५ सेंटिमीटर खाली, अंतर २.६ मीटर, म्हणजे १२ अंश. स्पीकरची खोली २५ सेंटिमीटर, तेव्हा पुढची कड सुमारे ५ सेंटिमीटर उचलायला हवी. दाराला लावायचे रबरी अडसर खाली सरकवले. रबर असल्यामुळे फळीही थरथरत नाही.

त्यानंतर आरसा. मी सोफ्यावर, भाऊ हातात आरसा घेऊन भिंतीकडेने चालतो. ज्या जागी मला आरशात स्पीकर दिसेल तिथून त्याचा आवाज उसळून माझ्याकडे येतो. डावीकडे ती जागा निघाली खिडकीच्या काचेवर, तिथे जाड पडदा लागला. उजवीकडे उघडी भिंत, तिथे दगडी लोकर भरलेली कापडी चौकट टांगली. सेंटरसाठी आरसा आडवा धरून खाली बघितलं तर तो थेट काचेच्या टीपॉयवर. सेंटर आणि आमच्यामध्ये ही एवढी मोठी काच! टीपॉय बाजूला, खाली जाड गालिचा. व्यंजनं एकदम सुटी झाली. 'स', 'श', 'त', 'थ' वेगवेगळे ऐकू यायला लागले, आणि वाढत्या वयात कान नेमके याच उंच स्वरांना आधी मुकतात.

टाळीची 'टर्र'ही गेली. खोली कापडाने कशी बदलते याचा हिशेब वॉलेस सबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास हार्वर्डमध्ये मांडायला घेतला. घुमणाऱ्या व्याख्यानगृहात तो रात्री शेजारच्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवायचा, मोजायचा आणि सकाळच्या आत परत नेऊन टाकायचा. त्याच्या सूत्राने आमची ४७ घनमीटरची खोली ०.४ सेकंदात शांत व्हायची तर साधारण १९ चौरस मीटर पूर्ण शोषकाएवढा माल लागतो. सोफा, पडदे, गालिचा, पुस्तकं आणि चार माणसं धरून आम्ही त्याच्या आसपास पोचत असू.

१ मार्च

रिसीव्हरचं स्वयंचलित कॅलिब्रेशन. मायक्रोफोन तिपाईवर, कानाच्या उंचीला. हातात धरायचा नाही, सोफ्याच्या पाठीवर ठेवायचा नाही. पंखा बंद, फ्रिज बंद, भाऊ बाहेर. मग तीन जागांवर आणि त्यांच्या आजूबाजूला मोजणी.

निकाल डोळे झाकून घ्यायचा नसतो. समोरच्या स्पीकरना त्याने 'लार्ज' ठरवलं, म्हणजे पूर्ण खर्ज त्यांच्याच गळ्यात. पाचही 'स्मॉल' केले आणि क्रॉसओव्हर, म्हणजे त्यांच्याकडून सबवूफरकडे आवाज वळवायची सीमा, ८० हर्ट्झ. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही, म्हणून तो एकट्या सबवूफरकडे दिला तरी चालतं. एलएफईचा, म्हणजे त्या '.१' पट्ट्याचा, लो-पास (याच्या वरचं कापणारी मर्यादा) १२० वर ठेवला. तो आणि क्रॉसओव्हर या वेगळ्या गोष्टी आहेत आणि मेनूत शेजारीशेजारी असल्यामुळे गोंधळ होतो.

सबवूफरचं अंतर त्याने ४.१ मीटर दाखवलं. टेपने २.९. हे दुरुस्त करायचं नाही. सबवूफरच्या आतल्या विद्युतमंडळात सिग्नल काही मिलिसेकंद रेंगाळतो, रिसीव्हरला तो उशीर अंतरासारखाच दिसतो, जादा १.२ मीटर म्हणजे साडेतीन मिलिसेकंद. सराउंडचं अंतर मात्र टेपशी जुळलं पाहिजे: २ मीटर, तर समोरचे २.८६. उशीर लावला नाही तर सराउंडचा आवाज अडीच मिलिसेकंद आधी पोचतो, आणि आधी आलेल्या आवाजाच्या दिशेलाच कान सगळं ढकलतो. हेल्मुट हासने १९४९ च्या आपल्या प्रबंधात याच आधी-नंतरचा अभ्यास केला होता.

पातळ्या टेस्ट टोनवर ७५ डेसिबलला जुळवल्या. मोबाइलवरचं मीटर आकडा अचूक देत नाही, पण पाच स्पीकरची आपापसात तुलना करायला पुरतं. सेंटर मुद्दाम २ डेसिबल वर ठेवला. शुद्धतावादी नाक मुरडतील. बाबांनी आज एकदाही विचारलं नाही.

७ मार्च

ओठ आणि आवाज यांची चुकामूक. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतो, आवाज त्याच्या आधी निघून येतो. आवाज मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत सहसा जाणवत नाही, पण ४५ मिलिसेकंद जरी पुढे आला तरी खटकतो, असं आयटीयूची, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, शिफारस सांगते. विजेच्या मागून गडगडाट ऐकायची आपल्याला सवय, उलट कधी होत नाही. २४ चित्रचौकटींच्या सिनेमात एक चौकट सुमारे ४२ मिलिसेकंदांची. टीव्हीतलं 'मोशन स्मूदिंग' बंद केलं. उरलेल्यासाठी रिसीव्हरमध्ये आवाजाला थोडा उशीर दिला. पात्राने दार आपटण्याचं दृश्य यासाठी उत्तम, ओठांपेक्षा नेमकं कळतं.

८ मार्च

२० पासून १२० हर्ट्झपर्यंत सावकाश चढता टोन, आणि घरभर खडखड शोधत फिरलो. ४० च्या वर जाताच शोकेसची काच. थोडं पुढे भिंतीवरची तसबीर. मग ट्यूबलाइटची पट्टी. काचेखाली फेल्ट, तसबिरीमागे रबरी टिकल्या, पट्टीचा स्क्रू घट्ट.

२१ मार्च

रात्रीची सोय. रिसीव्हरच्या आवाजाच्या आकड्यातला शून्य म्हणजे चित्रपटगृहाची संदर्भ पातळी: सरासरी ८५ डेसिबल, त्यावर प्रत्येक मुख्य वाहिनीला २० डेसिबलची उसळी घ्यायला मोकळीक, एलएफईला आणखी १०. घरात ते कोण ऐकणार? आम्ही उणे २० च्या आसपास असतो, रात्री त्याच्याही खाली. पातळी उतरली की कानाला खर्ज बाकीच्या स्वरांपेक्षा जास्त वेगाने कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख काढले. रिसीव्हरची लाउडनेस भरपाई चालू ठेवली की हळू आवाजातही सिनेमा पोकळ वाटत नाही. त्याबरोबर रात्री डायनॅमिक रेंज कंप्रेशन: कुजबुज वर, स्फोट खाली. शेजाऱ्यांचा विचार करून सबवूफर रात्री ४ डेसिबल उतरवायचा. भिंतीपलीकडे जातो तो खर्जच.

दिवसा मात्र कंप्रेशन बंद. सुरुवातीला घरात जे चालायचं त्यावर हा सोपा इलाज आधीच करता आला असता असं भाऊ म्हणतो. करता आला असता, पण खणात कोंडलेल्या सेंटरमधून कुजबुज मोठी झाली असती, स्पष्ट नव्हे.

२९ मार्च

जुने, दोन वाहिन्यांचे सिनेमे डॉल्बी सराउंडच्या विस्तारात, म्हणजे दोन वाहिन्या पाचही स्पीकरवर वाटून देणाऱ्या मोडमध्ये, चांगले लागतात. संवाद मध्यावर येतात, वातावरण मागे पसरतं. त्याहून जुने, एका वाहिनीचे, तसेच सेंटरमधून ऐकावेत. पाचही स्पीकरमधून तेच वाजवणारा एक मोड आहे, तो पाहुण्यांना फार आवडतो. मला नाही. मांडलेल्या दिशांवर पाणी फिरतं.

गाणी ऐकताना भावाला थेट दोन स्पीकर हवेत, बाबांना विस्तार. रिमोटवर दोन बटणं नेमून दिली. भांडण मिटलं.

५ एप्रिल

सगळी मांडणी पेनड्राइव्हवर साठवली. शिवाय एका कागदावर अंतरं, पातळ्या, क्रॉसओव्हर, टीव्हीतली 'पास-थ्रू'ची निवड असं लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. टीव्हीचं सॉफ्टवेअर अद्ययावत झालं की ही निवड मूळपदावर जाऊ शकते, तेव्हा पहिल्यांदा तीच बघायची. रिसीव्हरवर हातभर मोकळी जागा ठेवलीय. त्यावर सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही, हेही कागदावर मोठ्या अक्षरांत.

भावाने छतातल्या स्पीकरचा विषय काढला. वरूनही आवाज आणणारं डॉल्बी ॲटमॉस २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आलं आणि आता घरच्या रिसीव्हरमध्येही असतं, आमच्याही आहे. पण वरच्या स्पीकरच्या आधी मला दुसरा सबवूफर हवा, मागच्या भिंतीच्या मध्यावर, पुस्तकांच्या कपाटाखाली. समोरासमोरचे दोन सबवूफर लांबीचा पहिला सूर आपसांत मोडतात, ३६ चा उरलेला फुगवटा तिथेच जाईल. कपाटाचा खालचा खण मोजला: ४२ सेंटिमीटर रुंद, ३८ उंच. यात मावेल असा बंद पेटीचा शोधायचा. छताच्या वायरी पुढच्या रंगकामात टाकून ठेवू, स्पीकर जेव्हा येतील तेव्हा येतील.